चायनीज पद्धतीचे अंड्याचे पदार्थ : कृतीबरोबर कारण आणि खर्चही छापावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी घरच्या घरी चायनीज पद्धतीचा अंडा फ्राइड राइस करण्याची कृती प्रसिद्ध झाली होती. कृती चुकीची नव्हती. पण तिच्या साहित्यात ऑयस्टर सॉस, भाजलेल्या तिळांचे तेल, तांदळापासून केलेली चिनी वाइन आणि गोल बुडाची खास कढई अशा गोष्टी सांगितल्या होत्या. घणसोलीत आमच्या सेक्टरमधल्या वाण्याकडे यांतली एकही वस्तू मिळत नाही, आणि वाशीच्या मोठ्या दुकानात जी मिळते तिच्या एका बाटलीच्या पैशात अंड्यांचा जवळजवळ अख्खा ट्रे येतो. अशी यादी वाचली की घरातली गृहिणी किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण पुरवणी मिटून ठेवतो आणि नाक्यावरून पार्सल घेऊन येतो. वास्तविक नाक्यावरच्या त्या पार्सलात ऑयस्टर सॉस नसतो, तिळाचे तेल नसते आणि वाइन तर नसतेच. ती चव चार-पाच स्वस्त वस्तूंतून आणि एका विशिष्ट कृतीतून येते. त्या कृतीमागची कारणे मात्र सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी सव्वीस वर्षे नोकरी केली. सुरुवात भाजी चिरण्यापासून झाली आणि निवृत्त झालो तेव्हा तिन्ही पाळ्यांचा स्वयंपाक माझ्या देखरेखीखाली होत असे. दर बुधवारी रात्रपाळीला अंडा राइस असे, आणि त्या रात्री ताटे पुसल्यासारखी स्वच्छ होऊन परत येत. माणशी किती पैसे खर्च करायचे हे व्यवस्थापनाने ठरवून दिलेले असल्यामुळे महागडे सॉस आणण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे कमी पैशात ही चव कशी साधते, हे मला पुस्तकातून नव्हे तर रोजच्या कामातून शिकावे लागले.

सध्या माझ्या शेजारच्या खोलीत चार तरुण राहतात. दोघे लातूरचे, एक बीडचा आणि एक जळगावचा. दोघे महापेच्या कंपन्यांत कामाला आहेत, एक गोदामात आहे आणि चौथा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आठवड्यातून चार रात्री त्यांच्याकडे एग फ्राइड राइसचे पार्सल येत असे. एका प्लेटचे १२० रुपये धरले तर चौघांचे ४८० होतात, आठवड्याचे १,९२० आणि चार आठवड्यांचे ७,६८०. त्यांच्या खर्चाच्या वहीत हा आकडा खोलीच्या भाड्याच्या खालोखाल होता. मी त्यांना विचारले, घरी का करत नाही? उत्तर मिळाले, काका, ती चव घरी येतच नाही, त्याला भट्टी लागते आणि गाडीवाल्यांचा कसला तरी मसाला असतो. हाच गैरसमज मी अनेक घरांत ऐकला आहे.

चायनीजच्या गाडीवाल्यांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. रात्री बारापर्यंत आगीसमोर उभे राहून ही मंडळी आपले पोट भरतात आणि त्यांच्या १२० रुपयांत मजुरी, व्यावसायिक सिलिंडर, जागेचा खर्च आणि वाया जाणारा माल हे सगळे येते. माझे म्हणणे इतकेच आहे, की ज्या कुटुंबाला हा खर्च दर आठवड्याला परवडत नाही त्याने मन मारण्याचे कारण नाही.

गेल्या रविवारी या मुलांबरोबर मी चार माणसांचा अंडा राइस केला आणि पैन् पैचा हिशेब वहीत लिहायला लावला. ४०० ग्रॅम तांदूळ २४ रुपये, सहा अंडी ४८, कोबी ८, गाजर ६, फरसबी ६, पातीच्या कांद्याची अर्धी जुडी १०, तेल ९, आले-लसूण-मिरची ७, सोया सॉस, व्हिनेगर आणि मिरपूड मिळून ६ आणि गॅसचे अंदाजे ६. एकूण १३० रुपये, म्हणजे माणशी साडेबत्तीस. अंड्यांचे भाव बदलत असतात. थंडीत ते चढतात आणि श्रावणात मागणी कमी झाली की उतरतात. अंडे दोन रुपयांनी महागले तरी चौघांच्या जेवणात बारा रुपयांचाच फरक पडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अंडा राइस बिघडतो तो प्रामुख्याने भातामुळे. तांदूळ जुना असावा. साधा कोलम पुरेसा आहे, बासमतीची गरज नाही आणि रेशनचा तांदूळही चालतो. तो तीन-चार पाण्यांनी धुवावा, कारण दाण्यांवरची पिठीच पुढे कढईत गोंदासारखी चिकटते. कुकरच्या शिट्ट्यांवर भाताचा नेमका अंदाज येत नाही. म्हणून भरपूर उकळत्या पाण्यात तांदूळ सोडावा आणि दाणा बोटांत दाबल्यावर आत किंचित कणी लागते आहे असे वाटताच रोळीत वेळून घ्यावा. मग चमचाभर तेल चोळून तो परातीत पातळ पसरावा आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवावा. भात निवताना त्यातले पिष्ट (स्टार्च) पुन्हा घट्ट होते, वरचे पाणी उडते आणि दाणा फडफडीत राहतो. गरम भात कढईत घातला तर तो उलथण्याखाली मोडतो आणि त्याचा लगदा होतो.

आदल्या दिवशीचा भात या कामाला अधिक चांगला, हे खरेच आहे. पण इथे मला आपल्या पुरवणीबद्दल थोडे कठोर लिहावे लागत आहे. त्या कृतीत ‘रात्रीचा शिळा भात घ्यावा’ एवढेच वाक्य होते. तो रात्रभर कुठे ठेवायचा याचा उल्लेख नव्हता. शेजारच्या मुलांनी ती कृती वाचून भाताचे पातेले रात्रभर ओट्यावर झाकून ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला दाखवायला आणले. मी तो भात त्यांना टाकून द्यायला लावला, आणि अन्न टाकायला लावल्याचे मला वाईट वाटले तरी पुन्हा तसेच करीन. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात आणि ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजलेला भात दमट, उबदार हवेत बराच वेळ राहिला की ही बीजे रुजतात, जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. भात नंतर कितीही कडक परतला तरी ते विष जात नाही. खाडीकाठच्या आपल्या हवेत तर हा धोका बाराही महिने आहे. म्हणून भात शिजल्यावर पसरून लवकर निववावा, तासाभराच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी शिळ्या भाताच्या नादी लागू नये. त्याच दिवशी अर्धा तास पंख्याखाली पसरलेला भात उत्तम चालतो. कँटीनमध्ये आम्ही दुपारच्या भाताला रात्री हात लावत नसू.

भातानंतर आच. गाडीवरची भट्टी घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता देते आणि म्हणून घरी जमत नाही, असे म्हटले जाते. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. मी नवीन असताना एका रात्री वेळ वाचवण्यासाठी मोठ्या कढईत एकदम चाळीस माणसांचा भात आणि भाजी ओतली होती. भट्टी पूर्ण उघडी असूनही त्या कढईत पाणी सुटले आणि भाताची खिचडी झाली. आमचे वस्ताद, ज्यांनी तरुणपणी मुंबईतल्या एका चायनीज हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम केले होते, ते ओरडले नाहीत. त्यांनी दुसरी कढई चढवली, दोन डाव भात घातला आणि मला फक्त आवाज ऐकायला सांगितले. तापलेल्या लोखंडावर थोडा जिन्नस पडला की तडतड चालू राहते, आणि जास्त पडला की ती थांबते. तडतड थांबली याचा अर्थ भांडे गार पडले, भाजीतले पाणी वाफ होऊन उडण्याऐवजी तळाशी साचू लागले आणि जिन्नस परतला जाण्याऐवजी शिजू लागला. मुद्दा भट्टीचा जितका आहे त्याहून अधिक कढईतल्या मालाचा आहे. घरच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरवर एका वेळी दोनच माणसांचा भात परतावा. चौघांचा करायचा असेल तर दोनदा परतावा. यात पाच मिनिटे जास्त जातात, पण चव मिळते.

भांडे लोखंडाचे किंवा बिडाचे असावे. भाकरीचा खोलगट तवाही चालतो. नॉनस्टिक भांडे मात्र या कामाला वापरू नये, कारण ते रिकामे अतिशय तापवले तर त्यावरचा थर खराब होतो, आणि इथे तर भांडे धूर येईपर्यंत तापवायचे असते.

दोन माणसांसाठी तीन अंडी चिमूटभर मीठ घालून फेटावीत. कढई तापली की दीड चमचा तेल घालून अंडी ओतावीत, ती फुगतील तशी उलथण्याने मोडावीत आणि अजून थोडी ओलसर असतानाच ताटलीत काढावीत, म्हणजे भाताबरोबर दुसऱ्यांदा तापताना ती चिवट होत नाहीत. पुन्हा थोडे तेल, त्यात बारीक चिरलेला लसूण, आले आणि मिरची. लसूण तांबूस होण्याआधी गाजर आणि फरसबी, मग कोबी. भाजी दाताखाली करकरीत लागली पाहिजे. त्यावर २०० ग्रॅम तांदळाचा मोकळा केलेला भात घालावा आणि दोन मिनिटे सतत उलथावा. आता सोया सॉस. तो भातावर न ओतता कढईच्या मोकळ्या, तापलेल्या कडेवरून दोन चहाचे चमचे सोडावा. लोखंडाला लागताच तो उकळून किंचित जळतो आणि ज्याला लोक गाडीचा धुराचा वास म्हणतात तो वास बऱ्याच अंशी तिथून येतो. भातावर ओतला तर भात नुसता काळा आणि खारट होतो. शेवटी अंडी परत घालून एक चमचा व्हिनेगर, पाव चमचा पांढऱ्या मिरीची पूड आणि कांद्याची पात. पांढरी मिरी म्हणजे साल काढलेली आपलीच मिरी. काळ्या मिरीने तोच वास येत नाही. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये किंवा ठाण्याला जांभळी नाक्यावर ती सुटी मिळते आणि पन्नास ग्रॅम आणली तर कित्येक महिने पुरते. मुलांना ज्या गुप्त मसाल्याची शंका होती, तो मसाला हाच. हॉटेलात सेलरी घालतात; तिच्या जागी कोथिंबिरीचे कोवळे देठ बारीक चिरून घालावेत, जे आपण एरवी टाकून देतो.

मीठ वेगळे घालण्याची घाई करू नये. एक मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण दोन ते अडीच ग्रॅम मीठ असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. ज्यांच्या घरी रक्तदाबाचे रुग्ण आहेत त्यांना हे विशेष सांगावेसे वाटते. बाटली विकत घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. सोयाबीन आंबवून केलेला सॉस आणि नुसत्या कॅरॅमल रंगाचे खारे पाणी यांत फरक असतो, आणि किमतीतला फरक बाटलीमागे फार नसतो.

फ्राइड राइस सर्वांना ठाऊक आहे, पण पार्सलच्या यादीतला सर्वांत स्वस्त आणि घरी सर्वांत सोपा पदार्थ मला एग फू यंग वाटतो. हा मूळचा दक्षिण चीनमधल्या कँटनकडचा. फू यंग हे एका फुलाचे नाव आहे. स्थलांतरित चिनी लोकांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि तिथल्या पार्सलच्या दुकानांत तपकिरी ग्रेव्हीखाली मिळू लागला. मुंबईतल्या जुन्या चायनीज हॉटेलांच्या यादीतही तो दिसत असे. त्यात मुगाचे मोड घालतात, आणि ते मूग म्हणजे आपण उसळीला भिजवतो तेच. म्हणून हा पदार्थ मराठी स्वयंपाकघराला परका नाही. पाच अंडी, दोन मुठी अगदी बारीक चिरलेला कोबी, मूठभर मोड आलेले मूग एक वाफ काढून, एक पातीचा कांदा आणि मिरपूड एवढे एकत्र करावे. कोबीला आधी मीठ लावून ठेवू नये, पाणी सुटते. तव्यावर नेहमीच्या आम्लेटपेक्षा जरा जास्त तेल घेऊन एकेक डाव मिश्रण घालावे, कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्यावरच उलटावे. आम्लेट पातळ पसरतात. हे जाडसर, थालिपिठाएवढे राहू द्यावे. एवढ्यात आठ नग होतात आणि त्यांवर ग्रेव्ही घालून साध्या भाताबरोबर चार माणसे जेवतात. भात सोडून आमचा खर्च ८२ रुपये आला.

ग्रेव्हीबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तिथे बहुतेकांची फसगत शब्दामुळे होते. कॉर्नफ्लॉवर म्हणजे गिरणीतून दळून आणलेले मक्याचे पिवळे पीठ नव्हे. कॉर्नफ्लॉवर हे मक्याच्या दाण्यातले केवळ पांढरे पिष्ट असते. पिवळ्या पिठाने ग्रेव्ही झुणक्यासारखी रवाळ होते आणि तिला ती चकाकी कधीच येत नाही. एका शिक्षिकाबाईंनी मला त्यांचे तीन वेळा फसलेले मंच्युरियन सांगितले तेव्हा हाच घोटाळा निघाला. दोन वाट्या पाण्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर पुरते. ते गार पाण्यातच कालवावे, कारण गरम पाण्यात पडताच पिठाचा बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आत कोरडी गुठळी राहते. उकळत्या ग्रेव्हीत ढवळत सोडल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. व्हिनेगर अगदी शेवटी, गॅस बंद करताना घालावे. आंबटपणात पिष्ट फार वेळ उकळले तर घट्टपणा मोडून ग्रेव्ही पुन्हा पातळ होते, आणि व्हिनेगरचा वासही उडून जातो. पाण्याऐवजी कोबीचा दांडा, गाजराची टोके आणि आल्याची साल उकळून गाळलेले पाणी वापरले तर चवीत फरक पडतो आणि पैसा एकही लागत नाही.

त्याच पाण्याचे सूप होते. चिनी भाषेत त्याला अंड्याच्या फुलांचे सूप म्हणतात आणि चौघांना एक अंडे पुरते. पाणी उकळून, मीठ आणि पांढरी मिरी घालून, कॉर्नफ्लॉवरने अगदी किंचित दाट करावे. मग आच मंद करून फेटलेले अंडे काट्याच्या चमच्यावरून बारीक धारेने सोडावे आणि दहा सेकंद हात लावू नये. त्यानंतर एकदाच ढवळले की रेशमासारखे धागे होतात. लगेच ढवळले तर सूप नुसते गढूळ होते.

मंच्युरियन हा शब्द ऐकून पुष्कळ जणांना तो चीनमधून आला असे वाटते. वास्तविक मंच्युरियनचे श्रेय मुंबईतले आचारी नेल्सन वांग यांना दिले जाते, ज्यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण आणि हिरवी मिरची या आपल्या नेहमीच्या वाटणाच्या साहित्यात कोंबडीचे तळलेले तुकडे घालून तो बनवला. कोलकात्याच्या टांग्रा भागातल्या हक्का या चिनी समाजाच्या कुटुंबांनी जे रुजवले आणि मुंबईने जे पुढे नेले, ते जेवण आता याच देशाचे आहे. म्हणूनच त्याला परदेशी बाटल्यांची अडवणूक नसावी असे मला कळकळीने वाटते. अंड्याचे मंच्युरियन किंवा एग चिली करताना उकडलेले अख्खे अंडे गरम तेलात कधीही सोडू नये. आतली वाफ कोंडून ते फुटते आणि तेल अंगावर उडते. कँटीनमध्ये आम्ही वेगळी रीत पाळत असू. अंडी मीठ-मिरपूड घालून फेटायची, तेल लावलेल्या डब्यात ओतून मंद आचेवर ढोकळ्यासारखी वाफवायची, गार झाल्यावर चौकोनी वड्या कापायच्या, त्या कोरड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तव्यावर चार चमचे तेलात खरपूस करायच्या आणि वरच्या ग्रेव्हीत ढोबळी मिरची व मोठ्या पाकळ्यांच्या कांद्याबरोबर वाढण्याच्या क्षणी टाकायच्या. कढईभर तेल लागत नाही, आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोहही होत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवलेली आहे. घरी ती मोजण्याचे साधन नसल्यामुळे तेलच कमी घेणे बरे.

शेजवान चटणीबद्दल एक गोष्ट कोकणातल्या वाचकांना आवडेल. चीनच्या सिचुआन, म्हणजेच शेजवान, प्रांतात तिखटाबरोबर जिभेला झिणझिण्या आणणारे जे फळ वापरतात, ते आपल्या तिरफळाच्याच कुळातले आहे, जे आपण बांगड्याच्या आमटीत घालतो. गाडीवरच्या चटणीत ते नसते. तिथे असते ती लाल मिरची, लसूण, तेल आणि व्हिनेगर. घरी करताना दहा-बारा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटाव्यात, भरपूर बारीक चिरलेला लसूण तेलात मंद परतून त्यात हे वाटण तेल सुटेपर्यंत शिजवावे आणि मीठ, साखर, व्हिनेगर घालावे. बी काढून टाकलेल्या दोन तिरफळांची साल कुटून घातली तर ही चटणी बाटलीतल्या चटणीपेक्षा मला सरस वाटते. ब्याडगी मिरचीमुळे रंगही आपोआप येतो. रंगाचा विषय निघाला म्हणून लिहितो : मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. ज्या पालकांना मुलांच्या ताटातल्या भडक केशरी भाताची काळजी वाटते त्यांना घरचा पर्याय यासाठीही उपयोगी आहे.

अजिनोमोटो, म्हणजे चव वाढवणारी ती पांढरी पूड, हिच्याविषयी मात्र लोकांची भीती मला अवाजवी वाटते. तोक्योतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रस्स्यातून हा स्वाद वेगळा काढला. टोमॅटोतही तो निसर्गतः असतो. बारा महिन्यांखालील बाळांच्या अन्नात तो घालू नये असा आपल्याकडे नियम आहे. मी घरी तो वापरत नाही, पण त्याचे कारण भीती नसून गरज नाही हे आहे. तशाच चवीसाठी मासे खाणाऱ्यांनी भाजलेल्या सुक्या जवळ्याची चिमूटभर पूड लसणाबरोबर तेलात टाकून पाहावी. ठाण्याच्या आणि दिव्याच्या बाजारात तो सहज मिळतो.

नूडल्सबद्दल फार लिहीत नाही. त्या उकळून गार पाण्याखाली धरल्या आणि तेल लावून ठेवल्या की पुढची कृती भाताचीच आहे.

आपणास माझी विनंती अशी आहे. पुरवणीत पाककृती छापताना साहित्य ‘आवश्यकतेनुसार’ असे न लिहिता ग्रॅममध्ये आणि चमच्यांत द्यावे. चार माणसांचा खर्च ठाणे-वाशीच्या त्या आठवड्याच्या किरकोळ भावाने शेवटी छापावा. महाग वस्तू सांगितली असेल तर तिच्या जागी काय चालेल तेही लिहावे. आणि शिळा भात, कच्चे अंडे किंवा तळणीचे तेल यांचा उल्लेख येईल तिथे ते कसे सांभाळायचे हे त्याच वाक्यात सांगावे, वेगळ्या चौकटीत नव्हे, कारण चौकट कापून ठेवताना गळून जाते. यासाठी जागा वाढणार असेल तर छायाचित्र थोडे लहान करावे. कृती करून पाहण्यासाठी आणि मापे तपासून देण्यासाठी माझी मदत लागल्यास ती मी कोणतेही मानधन न घेता आनंदाने करीन. शेजारच्या मुलांची कढई आता बिडाची आहे, आणि या रविवारी त्यांच्याकडे एग फू यंग होणार आहे. मूग आज रात्री भिजत घालायला सांगितले आहेत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाचक
घणसोली, नवी मुंबई